अंधारातले ठोके

मित्रांनो, मला हातात घेऊन कोणीही हेच म्हणेल, की हा फ्यूज उडालेला दिवा दिसतो. दिसायला मी आहेच तशी. वीतभर लांबीची काचेची नळी, एका टोकाला सपाट कपाळ, दुसऱ्या टोकाला पितळेचे चौदा पाय. पण मी दिवा नव्हे. दिवा उजेड देतो, मी उजेड घेते. तोही ओंजळभर नव्हे, चिमूटभरही नव्हे. उजेडाचा एकच एक कण माझ्या कपाळावर येऊन पडला, तरी मला कळते आणि मी म्हणते, 'टक्'. त्या एका ठोक्याने मी पुष्कळ वर्षे खरे सांगितले. एके दिवशी मात्र माझ्या ठोक्यांनी एका चांगल्या मुलीचे नुकसान केले आणि एका चांगल्या माणसाचे नाव खराब केले. म्हातारपणी माणसाला एखादी गोष्ट आठवून घास उतरू नये, तशी ती गोष्ट माझ्याजवळ आहे. ती तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका काच-कारागिराच्या भट्टीपाशी झाला. त्याने मला फुंकून आकार दिला, पोटात धातूच्या पातळ पट्ट्या एकीमागे एक बसवल्या, मग आतली हवा अगदी शेवटच्या श्वासापर्यंत ओढून घेतली. सर्वांत शेवटी कपाळाच्या आतून एक नाजूक लेप दिला. उजेडाचा कण त्या लेपावर पडला, की तिथून विजेचा एक कण सुटतो. तो पहिल्या पट्टीवर आदळला की एकाचे चार होतात, दुसरीवर चारांचे सोळा, आणि शेवटच्या पट्टीपर्यंत लाखो. तेव्हा कुठे माणसाच्या कानाला 'टक्' ऐकू येते.

मला काळ्या कापडात गुंडाळताना कारागीर न्यायला आलेल्या माणसाला म्हणाला, "हिला ऊन दाखवू नका हं. वीज बंद असली तरीसुद्धा नाही. एकदा उजेड प्यायली, की पुढे दिवसभर बरळत बसते."

खरे होते ते. मित्रांनो, माझ्या अंगी एक दोष जन्मापासूनच आहे. अगदी गडद अंधारात, कोणी आलेले नसतानाही मी मधूनच 'टक्' म्हणते. माणूस झोपेत पुटपुटतो ना, तसे. अंगातल्या उबेनेच एखादा विजेचा कण आपसूक सुटतो. हे अंधारातले ठोके थोडे असतात तोवर चालते. आधी मोजायचे आणि वजा करायचे. पण उजेड लागला की ते शेकडो पटींनी वाढतात, आणि खरा पाहुणा कोणता नि माझी बडबड कोणती, हे कोणालाच सांगता येत नाही. मलासुद्धा नाही.

मला न्यायला आलेला माणूस म्हणजे सर. पदार्थविज्ञान शिकवत. तेव्हा तरुण होते. महाविद्यालयाच्या टोकाच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या हाताने एक लांब लाकडी पेटी केली होती, आतून काजळासारखी काळी. पेटीच्या एका टोकाला मिणमिणता दिवा, त्यापुढे एवढ्या गडद काचा की एका वेळी पेटीत उजेडाचा जेमतेम एकच कण असावा. मध्ये एक पत्रा, त्यात केसाइतक्या बारीक दोन फटी, शेजारी शेजारी. आणि दुसऱ्या टोकाला मी. माझ्यापुढे एक अरुंद खिडकी. स्क्रू फिरवला की ती आणि मी मिळून तसूतसूने सरकत असू. प्रत्येक जागी थांबायचे, माझे ठोके मोजायचे, लिहायचे, पुढे सरकायचे. झाकण बंद, खिडक्यांना जाड पडदे, आणि भर दुपारी खोलीत काळोख.

आता यात नवल काय, ते ऐका. पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यात दोन बोटे एकदम बुडवली, की दोन लाटा निघतात. काही जागी त्या मिळून मोठ्या होतात, काही जागी एकमेकींना पुसून टाकतात. माझ्या ठोक्यांचेही तसेच होई. एका जागी पुष्कळ ठोके, जरा सरकले की जवळजवळ नाहीतच, पुन्हा पुष्कळ. असे पट्टे. पण उजेड तर एकेक कण करून येत होता! अर्धा कण कधी आला नाही, पाव कधी आला नाही. आला तो अख्खा. आणि त्या अख्ख्या, एकट्या कणांची गर्दी जमली, की पट्टे उमटत. एक फट झाकली की पट्टे गायब. म्हणजे एकट्या कणालाही दोन्ही फटी उघड्या आहेत की नाहीत, याची वार्ता असावी असे दिसे.

पेटीची देखरेख मामांकडे होती. मामा म्हणजे प्रयोगशाळेचे शिपाई. रोज सकाळी खोली उघडत, पडदे ओढत, टेबले पुसत. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी हौसेने माझ्या पेटीचे झाकण उघडून आतून फडके मारले होते, आणि सरांनी त्यांना असे काही झापले की ती गोष्ट साऱ्या विभागात चवीने सांगितली जाई. त्यानंतर मामांनी झाकणाला बोट लावले नाही. पण थट्टेची सव्याज परतफेड करत. एकदा म्हणाले, "सर, तुमचा कण म्हणे दोन दारांतून एकदम जातो. मला मोठे साहेब दोन खोल्यांत एकदम बोलावतात, तेव्हा मला का जमत नाही?"

सर खो खो हसले होते. तसे ते हसत खूप. फक्त एक प्रश्न कोणी विचारला की त्यांचा आवाज कोरडा होई.

तो प्रश्न घेऊनच ती आली. सरांची विद्यार्थिनी. तिचे नाव मामांनीच पाडले, शंका. बोलायला तोंड उघडले की पहिला शब्द तोच, म्हणून.

"सर, एक शंका आहे. कण दिव्यातून निघाला, कबूल. नळीत आला, कबूल. मग मधे तो असतो कुठे?"

"मधे गणित असतं."

"गणितात राहता येतं का, सर?"

"आम्ही तीस वर्षं राहतोय की! शंकाबाई, मोजायचं आणि लिहायचं. मधल्या वाटेचं नाव काढायचं नाही."

रागावू नका सरांवर. मधल्या वाटेचे उत्तर त्यांच्याकडेच नव्हते असे नाही, ते कोणाकडेच नाही. गणित सांगते, कण कुठे सापडण्याची शक्यता किती. आणि ते गणित आजवर कधी चुकलेले नाही. पण सापडण्याआधी तो काय करत होता, दोन्ही फटींतून गेला, की एकीतूनच गेला, की 'गेला' हा शब्दच तिथे लागू नाही, यावर शहाणी माणसे अजून वाद घालतात. मला विचाराल तर मी 'टक्' म्हणते त्या क्षणी नेमके काय ठरते, ते माझे मलाही ठाऊक नाही. तो आला म्हणून मी ठोका दिला, की मी ठोका दिला तेव्हा तो 'आलेला' झाला? इतकी वर्षे हे कपाळावर घेतले, तरी कळले नाही.

शंकाचा मात्र एक नेम होता. रोज आली की दिवा लावण्याआधी दहा मिनिटे गप्प बसून माझे अंधारातले ठोके मोजायची. कितीही घाई असो, परीक्षा असो, तिने तो नेम चुकवला नाही. मामा बाहेर दाराशी उभे राहून कोणाला आत येऊ देत नसत. "शंकाचं ध्यान चाललंय," म्हणत. आणि ध्यान झाले की दोघांचा चहा होई. तिचे वडील वारलेले. फी भरण्यापासून सायकलच्या पंक्चरपर्यंत सगळे ती मामांना सांगे.

दोन वर्षांनी तिने एक प्रयोग योजला. एका फटीवर गॉगलच्या काचेसारखी एक काळसर पट्टी उभी लावायची, दुसरीवर तशीच आडवी. म्हणजे ज्या फटीतून कण येईल तिची खूण त्याच्या अंगावर राहील, उभी किंवा आडवी. तसे केले, आणि पट्टे पुसले गेले! खूण वाचायला तिथे कोणी नव्हते. नुसती वाचता आली असती, एवढ्यानेच पट्टे गेले. मग तिने माझ्यापुढे तिसरी पट्टी लावली, तिरकी. तिच्यातून बाहेर पडणारा प्रत्येक कण तिरकाच. आधी उभा होता की आडवा, हे विचारायची सोयच उरली नाही. आणि पट्टे परत उमटू लागले, फिकट, पण परत. ते आकडे बघताना तिचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. "मामा, या ना आत! परत आले!" मामांना पट्ट्यांतले काही कळत नव्हते. पण ते आत येऊन दोनदा "वा" म्हणाले.

या प्रयोगावर तिची संशोधनाची जागा ठरणार होती. बाहेरून दोन परीक्षक येणार होते, त्यांच्यासमोर तिला तो करून दाखवायचा होता. घरी सांगून ठेवले होते तिने, की ही जागा मिळाली तर मी पुढे शिकेन, नाहीतर नोकरी धरीन.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी सरांचे एक जुने वर्गमित्र आले, आता मोठ्या हुद्द्यावर असलेले. शंका बांधणीला दिलेला प्रबंध आणायला गेली होती. मामांना सरांनी खुर्च्या आणायला दुसऱ्या इमारतीत पाठवले होते.

"अरे, अजून तेच खोकं?" मित्र म्हणाले. "आम्ही कुठे पोचलो, तू इथेच! आत आहे तरी काय एवढं, दाखव की."

सरांनी पडदा बाजूला केला. माझी वीज बंद केली, तेवढी काळजी घेतली. आणि झाकण उघडले.

मित्रांनो, खरे सांगते. मला फार आवडले ते. मामांचे ते एक फडके सोडले, तर लेप लागल्यापासून मी कणाकणानेच उजेड चाखला होता. त्या दिवशी दुपारचे पांढरेशुभ्र ऊन माझ्यावर बदाबदा ओतले गेले. सरांचा चेहरा मी प्रथमच पाहिला. किती अभिमान होता त्यावर! "हे सगळं मी हातानं केलंय बरं का," ते म्हणत होते आणि फटी दाखवत होते, स्क्रू दाखवत होते, मला दाखवत होते. मी ते ऊन अधाशासारखी पीत राहिले. पाव तासाने झाकण लागले. मामा खुर्च्या घेऊन आले तेव्हा पडदे जागच्या जागी होते. आनंदाच्या भरात सर नियम विसरले, एवढेच झाले होते. एवढेच राहिले असते तर मी ही गोष्ट सांगितलीही नसती.

दुसऱ्या दिवशी शंका सकाळी लवकर आली. नेमाप्रमाणे काळोख करून बसली. आणि मी सुरू झाले. लाह्या फुटाव्यात तसे ठोके. एरवी सेकंदाला एखाद-दुसरा, त्या दिवशी शेकड्यांनी. थांबावे म्हटले तर थांबता येईना.

"मामा!" तिचा आवाज चिरकला. "काल झाकण उघडलंत का?"

"नाही गं पोरी."

"पुसायला वगैरे?"

"अगं, वीस वर्षांत हात नाही लावला मी त्याला."

तेवढ्यात सर परीक्षकांना घेऊन आत आले. शंका सरळ पुढे झाली. "सर, काल पेटीला उजेड लागलाय. अंधारातले ठोके भलतेच चढलेत, आणि हळूहळू उतरतायत, त्यामुळे वजाही करता येत नाहीत. मला फक्त एक दिवस द्या. काल झाकण कोणी उघडलं होतं का, सर?"

सर म्हणाले, "खोलीची किल्ली मामांकडे असते."

वाक्य खरे होते. किल्ली मामांकडेच असे. खोटा शब्द त्यात एकही नव्हता.

"म्हणजे पुन्हा फडकं मारलं वाटतं!" एक परीक्षक हसले, ती जुनी गोष्ट त्यांनाही ठाऊक होती. दुसऱ्यांनी आपली परतीची गाडी संध्याकाळची असल्याचे सांगितले. मामा म्हणाले, "मी नाही, साहेब." पण इतके हळू म्हणाले की ऐकणाऱ्याला ते कबुलीसारखेच वाटावे.

प्रयोग झाला. शंकाने तिरकी पट्टी लावली, स्क्रू फिरवला, आकडे लिहिले. पट्टे आले नाहीत. आले असतील, पण माझ्या बडबडीत बुडून गेले. खरे कण माझ्या कपाळावर येत होते आणि मी त्यांच्यावरच ओरडत होते. परीक्षक म्हणाले, "कल्पना छान आहे, बाळ. हात अजून बसायला हवा." जागा दुसऱ्याला मिळाली.

वह्या आवरून निघताना ती दाराशी थांबली. "मामा, नुसतं सांगितलं असतंत, तरी मी भांडले नसते. तारीख मागून घेतली असती."

मामांना पुन्हा तेच सांगावे लागले असते, आणि ते तर कोणी ऐकले नव्हते.

तिसऱ्या दिवशी सर एकटेच आले. मी तोवर शांत झाले होते. त्यांनी शंकाच्या पट्ट्या तिच्या खुणांवर लावल्या आणि दुपारभर मोजणी केली. पट्टे आले, स्वच्छ आले. त्यांनी ते वहीत लिहिले, तारीख घातली, आणि किती वेळ तसेच बसून राहिले. मला वाटले, आता उठतील, तिला बोलावतील. मामांना तर हाकच मारायची होती, ते दाराबाहेर होते. सर उठले, वही कपाटात ठेवली, कुलूप लावले. परीक्षक काय म्हणतील, विभाग काय म्हणेल, असे असेल. उद्या सांगू, असेही असेल. पण मित्रांनो, उद्या सांगायला आज न सांगितल्याचेही कारण द्यावे लागते, आणि परवा दोन दिवसांचे. ओझे रोज वाढत जाते.

मामा पुढेही रोज पडदे ओढत. थट्टा मात्र त्यांनी पुन्हा केली नाही.

पुढे नवी यंत्रे आली. सगळे पट्टे एका दमात टिपणारी, नखाएवढी. माझी पेटी अडगळीत गेली आणि मी कपाटात, काळ्या कापडात. मामा निवृत्त झाले, सर निवृत्त झाले. कोणी माझी विचारपूस केली नाही, आणि मला त्याचे वाईटही वाटले नाही. मला माझीच लाज वाटत होती.

मग एका दुपारी कपाटे रिकामी करायला काढली. कामाचे काय नि टाकाऊ काय ते सांगायला सरांना बोलावले होते. काठी टेकत आले. आणि दुसरीकडून एक पोक्त आवाजाची बाई आली. आवाज बदलला होता, पण पहिला शब्द तोच. "एक शंका आहे, ती जुनी नळी टाकून देणार असाल तर मी नेऊ का? मुलांना दाखवायला." ती दुसऱ्या गावी महाविद्यालयात शिकवत होती.

सरांनी तिला पाहिले. मग कपाटातून ती वही काढून, पान उघडून तिच्यापुढे ठेवली.

"पट्टे आलेत," ती म्हणाली.

"तिसऱ्याच दिवशी आले. तुझ्याच पट्ट्या होत्या. झाकण मी उघडलं होतं, शंका. मित्राला दाखवायला."

मला वाटले ती रडेल, नाहीतर ओरडेल. तिने वही मिटली.

"माझं राहू द्या, सर. मला नोकरी मिळाली, मुलं मिळाली शिकवायला. उशिरा का होईना, संशोधनही झालं. पण मी मामांशी पुन्हा बोलले नाही. त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला ते स्वतः आले होते, दोन बस बदलून. मी आईला सांगितलं, घरात नाही म्हणून सांग. आतल्या खोलीत बसून होते मी." तिने वही टेबलावर ठेवली. "मामा वारल्याचं कळलं तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. मामी म्हणाल्या, 'तू शिकलेली आहेस, तू तरी सांग. ते झाकण उघडलं कोणी होतं गं? हे शेवटच्या आजारातही तेच विचारत होते.'"

सरांची काठी खाली पडली. उचलायला ते वाकले नाहीत.

"मामी असतात कुठे आता?"

"तिथेच. जुन्या घरी."

"मला घेऊन चल."

"दारापर्यंत नेते. बोलायचं तुम्ही."

ती दोघे गेली. मी टेबलावरच राहिले. तिथे काय बोलणे झाले, ते मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी शंका मला न्यायला आली तेव्हा तिनेही सांगितले नाही. रस्ताभर मला मांडीवर धरून बसली होती.

आता मी तिच्या प्रयोगशाळेत आहे. माझे ठोके आताशा फार चुकतात, म्हणून ती मला खऱ्या मोजणीला लावत नाही. पण वर्षाच्या पहिल्या तासाला मुलांसमोर मला जोडते, दिवा न लावता, आणि सांगते, "आधी हिची चूक किती ते मोजा. मग जग मोजायला घ्या."

मित्रांनो, उजेडाचा कण मधे कुठे असतो, हे तुमच्यापैकी एखादी मुलगी कदाचित शोधून काढेल. न मिळाले उत्तर, तरी त्यात कोणाचा अपराध नाही. ते अजून कोणालाच ठाऊक नाही. पण त्या दिवशी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर खोलीतल्या एका माणसाला ठाऊक होते, आणि तो विचारणारीपासून दोन हातांच्या अंतरावर उभा होता. म्हणून माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. जुन्या यंत्रांना जपा, ते तर कराच. पण 'हे कोणी केलं?' असे कोणी विचारले, आणि ते तुम्ही केलेले असले, तर तिथेच, सगळे उभे असतानाच सांगा. नंतर सावकाश जाऊन सांगू, असे ठरवू नका. नंतर गेलात, तर दार मामी उघडतात.